मरणारच होते म्हणून

युद्धात माणसं कॅन्सरनेही मरतात. किडन्या निकामी होऊन मरतात, हृदय थकून मरतात, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं एखाद्या पहाटे जातात. युद्धाच्या बळींत त्यांना कुणी मोजत नाही, मोजावं असं कुणी म्हणतही नाही. क्षेपणास्त्राने अर्धी कोसळलेली इमारत बातमीत दिसते. तिच्या शेजारच्या शाबूत इमारतीत, सातव्या मजल्यावर, गारठलेल्या खोलीत कुणाची तरी शेवटची रात्र चाललेली असते, ती दिसत नाही.

मी काही वर्षं हॉस्पिसच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या संस्थेच्या, होम केअरमध्ये स्वयंसेवक म्हणून जात होते. त्या काळात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "तसंही आता काय राहिलंय?" नातेवाईक ते रडवेल्या आवाजात म्हणत, डॉक्टर जरा सभ्य शब्दांत म्हणत, शेजारी तर सरळच म्हणत. त्यावर हॉस्पिसवाल्यांचं उत्तर असं: दुखणं राहिलंय, धाप राहिलीय, मळमळ, भीती, जागरण, मुलीशी बोलायचं राहून गेलेलं, सगळंच राहिलंय. आजार बरा होणार नाही हे ठरलं की तिथून आमचं काम सुरू होतं. शांततेच्या काळातही हे पटवायला वेळ लागतो. मग जिथे तरणीताठी पोरं रोज मरताहेत, औषध, डिझेल, वीज, ॲम्ब्युलन्स सगळ्याचीच ओढाताण आहे, तिथे महिनाभर जगेल न जगेल अशा ऐंशीच्या बाईच्या खोलीत ऊब राहावी म्हणून कुणी कशाला धडपडायचं? युक्रेनमधल्या हिवाळ्यांबद्दल वाचताना हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. धडपडायला हवं, असंच मला वाटतं. का, ते सांगताना मी थोडी भटकणार आहे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन यांचा मारा सुरू केला. २३ नोव्हेंबरच्या हल्ल्यात देशाचा मोठा भाग एकदम अंधारात गेला, अणुवीज केंद्रं ग्रिडपासून तुटली, कीव्हमध्ये नळाचं पाणी थांबलं. त्याच्या दोनच दिवस आधी जागतिक आरोग्य संघटनेचे युरोप विभागाचे प्रमुख हान्स क्लुगे कीव्हमध्ये बजावून गेले होते, की हा हिवाळा लाखो लोकांच्या जिवावर बेतू शकतो. देशातल्या एक कोटी माणसांकडे तेव्हा वीज नव्हती, आणि काही भागांत पारा उणे २० अंशांपर्यंत उतरेल असा अंदाज होता.

लाईट जाणं म्हणजे दिवे आणि पंखे जाणं, एवढंच डोक्यात असलं तर तिथली गोष्ट नीट कळत नाही. युक्रेनच्या शहरांत घरं तापवण्याची व्यवस्था बहुतांशी सोव्हिएत काळातली, सामाईक आहे. एका मोठ्या केंद्रात पाणी तापतं, जमिनीखालच्या पाइपांतून वस्तीभर फिरतं आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली बसवलेल्या रेडिएटरमधून जातं. फ्लॅटमध्ये स्वतःची चूल नसते, पेटवावी म्हटलं तर धुराडं नसतं. केंद्रावर हल्ला झाला किंवा पंपांची वीज गेली की वस्तीच्या वस्ती थंड पडायला लागते. लगेच नाही, भिंती काही काळ ऊब धरून ठेवतात. मग खोलीतला पारा १८ वर येतो, १५ वर येतो, ११ वर येतो. पाइपांतलं पाणी गोठून ते फुटू नयेत म्हणून कधी सगळं पाणी काढून टाकावं लागतं, आणि ते पुन्हा भरून तापवायचं म्हणजे आणखी उशीर. धडधाकट माणूस दोन स्वेटर चढवतो, घरातल्या घरात फेऱ्या मारतो, रांगेत उभा राहतो, शेजाऱ्याकडे जाऊन बसतो.

अंथरुणावरच्या माणसाला यातलं काहीही जमत नाही. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये शरीर स्वतःलाच खात जातं, चरबी जाते, मागोमाग स्नायू जातात. ऊब तयार करायला स्नायू लागतात आणि टिकवायला चरबी. दोन्ही संपलेला माणूस एरवीच्या उबदार खोलीतही कुडकुडतो. कुडकुडण्याने हाडांत पसरलेला आजार ठणकायला लागतो. थरथरणारं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं, म्हणून धापही वाढते. मग चार रजया घाला? त्या वजनाखाली अशक्त माणसाला कूस बदलता येत नाही, टाचांवर आणि माकडहाडावर दाब येऊन बेडसोअर, म्हणजे दाबाच्या जखमा, होतात. पायांना पांघरुणाचा भार सोसवत नसेल तर पायथ्याशी रिकामं खोकं ठेवायचं आणि त्यावरून पांघरूण घ्यायचं, ही युक्ती मला एका सिस्टरांनी दाखवली होती. हिवाळ्यातल्या शुश्रूषेत उबदार पण हलकं काय सापडेल याचाच शोध चालू असतो. पातळ कपड्यांचे थर, डोक्याला लोकरीची टोपी, हातापायांत मोजे. ओला डायपर तसाच ठेवायचा नाही, कारण ओलं कापड गार पडलं की अंगातली उरलीसुरली ऊब ओढून घेतं. अंग पुसताना माणूस सगळा उघडा करायचा नाही. एक हात पुसायचा, कोरडा करायचा, झाकायचा, मग दुसरा. वीज असते तेव्हा पाणी तापवून थर्मास भरून ठेवायचे, म्हणजे अंधारातही कोमट पाण्याचा बोळा फिरवता येतो.

यात एक सापळा आहे. फेंटॅनिलचा पॅच त्वचेवर चिकटवला की त्यातलं वेदनाशामक ७२ तास हळूहळू आत झिरपत राहतं. गोळी गिळता न येणाऱ्यांचा तो मोठा आधार. पण पॅचला उष्णता लागली तर औषध भराभर आत जातं, गुंगी चढते, श्वास मंदावतो, थांबूही शकतो. आणि आई गारठली म्हणून मुलगी मायेने काय करते? गरम पाण्याची पिशवी तिच्या छातीशी देते. पॅच बहुतेक वेळा तिथेच असतो. म्हणून पिशवी द्यायची ती पायाशी, फडक्यात गुंडाळून, आणि हे घरातल्या प्रत्येकाला, रात्री बसायला येणाऱ्या शेजारणीलासुद्धा, सांगून ठेवायचं. गंमत म्हणजे अगदी हडकुळ्या शरीरात हाच पॅच अपेक्षेपेक्षा कमीही पडू शकतो. म्हणजे नर्सला दर भेटीत हिशेब नव्याने मांडावा लागतो, तोही टॉर्चच्या उजेडात, सायरन कधी होईल याकडे एक कान ठेवून.

दुसरं भांडण खिडकीचं. धाप लागलेल्या माणसाला खिडकी उघडी हवी असते. तो हट्ट नसतो. चेहऱ्यावर, नाकाच्या आणि गालांच्या आसपास, वाऱ्याची झुळूक लागली की श्वास कोंडल्याची भावना कमी होते. हातात धरायच्या छोट्या पंख्यावर तर रीतसर अभ्यास झालेत. एरवी हा फुकटचा, बिनधोक उपाय आहे. पण बाहेर बर्फ आणि खोलीत ११ अंश असताना म्हातारा "उघड" म्हणतो, म्हातारी "मरशील गारठून" म्हणते, आणि दोघंही बरोबर असतात. अशा वेळी अंग पूर्ण झाकून फक्त चेहरा मोकळा ठेवायचा, बॅटरीवरचा छोटा पंखा समोर धरायचा, आणि डॉक्टरांना विचारून मॉर्फिनचा लहान डोस द्यायचा. मॉर्फिन दुखण्यावर चालतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते धापेवरही चालतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

वीज जाणं म्हणजे काय, हे मला बाबांच्या आजारपणात कळलं. फुप्फुसाचा कॅन्सर होता, घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. एका रात्री लाईट गेली. मशीनची घरघर थांबली आणि अलार्म सुरू झाला, चिरका, एकसुरी. बाबांचे डोळे मोठे झाले. ते काहीच बोलले नाहीत, नाकातली नळी दोन बोटांनी धरून माझ्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, "अगं, ते बोंबलतंय ते बोंबलू दे, सिलिंडर बघ आधी." सिलिंडर उघडायचा पाना सिस्टरांनी सुतळीने सिलिंडरच्या गळ्यातच बांधून ठेवला होता. "रात्री शोधत बसाल," एवढंच त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. चाचपडताना हात थेट त्याच्यावरच पडला. नळी बदलली, हिस्स आवाज आला, बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने लाईट आली.

युक्रेनमध्ये लाईट थोड्या वेळाने येत नव्हती. वेळापत्रक असेल तर चार-चार तास जायची, आणि हल्ल्यानंतर वेळापत्रकालाही अर्थ उरत नसे. पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट वीज घेतं. १,००० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन, म्हणजे घरात ठेवायची मोठी चार्जिंगची बॅटरी, जी मोबाईल नि दिव्यांसाठी कितीतरी दिवस पुरेल, ती या मशीनला तीन तासही धड पुरत नाही. त्यानंतर सिलिंडर. आणि सिलिंडर चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती लावायची नाही, कारण ऑक्सिजन मुरलेलं पांघरूण, केस, कपडे एका ठिणगीने भडकतात. अख्खं शहर मेणबत्त्या लावून बसलेलं असताना या एका घराला ते चालत नाही. बंद बाल्कनीत जनरेटर लावला तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नाही, आणि ज्याला आधीच गुंगी असते त्याला काय झालंय हे कुणाला कळणार.

हवेच्या गादीचं तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. बेडसोअर होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी, आलटूनपालटून फुगणारी गादी देतात. पंप बंद पडला की ती हळूहळू बसते आणि तासाभरात रोग्याची हाडं खालच्या फळीला टेकतात. वीज बेभरवशाची असेल तिथे जाड फोमची साधी गादी आणि दर दोन तासांनी कूस वळवून देणारी दोन माणसं जास्त कामाची. घशातला कफ ओढायला पायाने दाबायचा सक्शन पंप, नाहीतर नुसतं कुशीवर वळवणं. त्वचेखालून थेंबथेंब औषध देणारा सिरिंज ड्रायव्हर जिथे मिळतो तिथे तो टिकून राहतो, कारण त्याला अनेकदा ९ व्होल्टची साधी बॅटरी पुरते. हे सगळं वाचताना मला आमच्या जुन्या सिस्टरांची आठवण येते. त्या मशीनवर फार विश्वास ठेवत नसत, तेव्हा आम्हाला ते खुळचटपणाचं वाटायचं.

२०२२ च्या नोव्हेंबरात युक्रेन सरकारने गावोगावी मदतकेंद्रं उघडली. तंबूत, शाळेत, सरकारी कचेरीत. तिथे ऊब, चहा, मोबाईल चार्जिंग, इंटरनेट. फार चांगली योजना, पण ती चालून येणाऱ्यांसाठी होती. अंथरुणावरच्या माणसासाठी दुसऱ्या कुणीतरी बॅटरी उचलून तिथे न्यायची, चार्ज होईपर्यंत थांबायचं आणि घेऊन परतायचं. नऊ मजल्यांच्या, सोळा मजल्यांच्या इमारती, लिफ्ट बंद. कीव्हमध्ये लोकांनी लिफ्टच्या आत खोकी ठेवली होती, त्यांत पाण्याची बाटली, काहीबाही खायला, टॉर्च, लिफ्ट मध्येच अडकली तर तेवढाच आधार. घरी जाणाऱ्या नर्सला ते खोकं बघून जिनाच बरा वाटत असणार. औषधांची पिशवी, डायपरचा गठ्ठा, ड्रेसिंगचं सामान घेऊन नवव्या मजल्यावर, आणि तिथून दुसऱ्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर. २०२० पासून युक्रेनची सरकारी आरोग्यसेवा घरी जाणाऱ्या अशा पथकांचे पैसे वेगळ्या पॅकेजमधून देते. पायऱ्या मात्र कुठल्या पॅकेजमध्ये धरलेल्या नसतात.

आणि सायरन. तळघरातल्या आश्रयस्थानात सगळ्यांनी जायचं, हा नियम. ज्याला स्वच्छतागृहापर्यंत जाता येत नाही त्याने कुठे जायचं? तिथे लोक 'दोन भिंतींचा नियम' पाळतात. बाहेरचं जग आणि तुम्ही यांच्यात निदान दोन भिंती हव्यात: एक स्फोटाचा धक्का झेलायला, दुसरी पहिलीचे तुकडे अडवायला. घरात अशी जागा म्हणजे पॅसेज किंवा बाथरूम. पलंग दारातून जात नाही, म्हणून माणसाला चादरीसकट गादीवरून ओढत पॅसेजमध्ये न्यायचं. मणक्यात आजार पसरलेल्या माणसाला असं ओढणं म्हणजे काय, ते ज्याने त्याचं विव्हळणं ऐकलंय त्यालाच ठाऊक. हलवण्याआधी मॉर्फिनचा जादा डोस द्यावा हे शास्त्र, पण तोंडाने दिलेला डोस चालायला अर्धा तास लागतो आणि सायरन अर्धा तास थांबत नाही. एका रात्रीत तीनदा वाजला तर? काही घरांनी अंथरूण कायमचंच पॅसेजमध्ये आणलं. काहींनी ठरवलं की आता हलवायचं नाही, आम्हीही इथेच बसतो. यात कुणाचं बरोबर, हे मी सांगणार नाही. तिथल्या नर्सनेही सांगू नये असं मला वाटतं. तिने एवढंच विचारावं की आजींना काय हवंय.

इथे मी त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. युद्धात डॉक्टरांना निवड करावीच लागते. जखमींची रांग लागली की वाचू शकणाऱ्याला आधी आत घ्यायचं, याला माझी हरकत नाही. तसं केलं नाही तर दोघंही मरतील. पण ही निवड ऑपरेशन थिएटरची, रक्ताच्या पिशवीची, सर्जनच्या वेळेची आहे. मरणाऱ्या माणसाला जे लागतं त्यातलं बरंचसं या रांगेत नसतंच. मॉर्फिनच्या गोळ्या महाग नाहीत. फोमची गादी, टोपी, थर्मास, सुतळीने बांधलेला पाना, घरच्यांना नीट समजावून सांगणारं एक माणूस, यातलं काय आपण सैनिकाच्या तोंडचं काढून घेतो? 'मरणारच होते' हे वाक्य टंचाईचं कारण पुढे करतं, पण बहुतेक वेळा मागे टंचाई नसते, लक्ष नसतं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपत्ती आणि युद्धाच्या काळातल्या वेदनाशमनावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. मदतकार्याचे किमान निकष सांगणाऱ्या स्फिअर हँडबुकच्या त्याच वर्षीच्या आवृत्तीत उपशामक शुश्रूषेचा, म्हणजे बरं न होणाऱ्याचा त्रास कमी करण्याच्या कामाचा, निकष पहिल्यांदा आला. इतकी वर्षं जगभर निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या, माणशी पाणी किती लिटर ते ठरलं, शौचालयं किती ते ठरलं, आणि असाध्य आजारी माणसाचं काय करायचं हे लिहायला २०१८ उजाडलं. शांततेचा काळ धरूनसुद्धा जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना अशी शुश्रूषा लागते आणि ती मिळते सुमारे १४ टक्क्यांना. म्हणजे लक्ष नसायला युद्धच लागतं असंही नाही.

युक्रेनच्या मॉर्फिनची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. २०११ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने तिथल्या वेदनांवर अहवाल काढला होता. तेव्हा देशात मॉर्फिन मिळायचं ते फक्त इंजेक्शनमधून, आणि तेही बहुधा नर्सने घरी येऊन टोचायचं. रिकाम्या ॲम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, मोजून परत करायच्या. मॉर्फिनचा असर चारेक तास; नर्स यायची दिवसातून एकदा, दोनदा. मधले तास माणसाने विव्हळत काढायचे. शिवाय दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, असा उत्पादकाच्या पत्रकातला आकडा डॉक्टर नियमासारखा पाळत, दुखणं त्यात मावत असो वा नसो. खेड्यांत तर त्याहून हाल. रुग्ण, डॉक्टर, कार्यकर्ते यांनी हा विषय लावून धरला आणि २०१३ मध्ये नियम सैल झाले, मॉर्फिनच्या गोळ्या आल्या. गोळी घरच्या कपाटात ठेवता येते, घड्याळ बघून मुलगी देऊ शकते.

आता जुने नियम २०२२ मध्ये लागू असते तर काय झालं असतं? रात्रीची संचारबंदी, बंद लिफ्ट, उडालेले पूल, आणि दर चार तासांनी एका ॲम्प्यूलसाठी नर्सची वाट बघणारी घरं. एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या सरकारी आदेशाने, युद्धाच्या नऊ वर्षं आधी, किती जणांच्या रात्री सोसवण्यासारख्या केल्या याचा हिशेब कुणी मांडणार नाही. मला तो आदेश जनरेटरपेक्षा मोठा वाटतो. जनरेटर युद्ध सुरू झाल्यावरही मागवता येतो, कायदा तेव्हा बदलत बसता येत नाही.

ज्यांना हलवता येतं त्यांना हलवलं जातं. २०२२ मध्ये सेफर युक्रेन या मोहिमेतून कॅन्सर झालेली हजाराहून अधिक मुलं पोलंडमार्गे युरोप-अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत नेली गेली, आणि त्यांचे उपचार पुढे चालू राहिले. ऐकून बरं वाटतं. पण ज्यांच्यावर उपचारच उरलेले नाहीत, त्यांना कुठे न्यायचं? तासन् तास ट्रेनमध्ये, स्ट्रेचरवर, अनोळखी गावी, ते कशासाठी? बहुतेक जण नको म्हणतात. युद्धाआधीच युक्रेनच्या लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा साठीच्या पुढचा होता. मुली नातवंडांना घेऊन पोलंडला, जर्मनीला गेलेल्या, मुलगा आघाडीवर, किंवा २०२२ मध्ये १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देशाबाहेर जायला बंदी आली म्हणून दुसऱ्याच शहरात अडकलेला. मागे उरतं ते म्हाताऱ्याची सेवा करणारं दुसरं म्हातारं माणूस. हॉस्पिसच्या पुस्तकांत 'कुटुंबाला सामील करून घ्या' असं लिहिलेलं असतं. इथे कुटुंब मोबाईलच्या पडद्यावर असतं, आणि मोबाईलची बॅटरी १२ टक्क्यांवर.

आधुनिक हॉस्पिसची चळवळही युद्धाच्या सावलीतूनच आली. ती सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात, सेंट थॉमस हॉस्पिटलच्या शाळेत नर्सिंग शिकल्या. पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सुटलं, तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड तास्मा भेटला. वॉर्सॉचा ज्यू निर्वासित, वय ४०, वेटरचं काम केलेला, कॅन्सर पसरलेला, मागेपुढे कुणी नाही. मरणाऱ्या माणसांसाठी कशी जागा हवी यावर दोघं त्याच्या खाटेशेजारी बोलत राहायचे. १९४८ साली जाताना त्याने ५०० पौंड त्यांच्या नावे ठेवले आणि सांगितलं, की तुमच्या त्या घरातली मी एक खिडकी होईन. लंडनमधलं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस १९६७ मध्ये उघडलं. त्या खिडकीभोवती घर बांधायला १९ वर्षं लागली, असं सॉन्डर्सबाई म्हणत. रोग्याला अंथरुणावरून बाहेरचं झाड दिसावं, उजेड यावा, ही तेव्हापासूनची हॉस्पिसची पहिली शिकवण. युक्रेनमध्ये हल्ल्याच्या रात्री पहिली गोष्ट करायची ती म्हणजे रोग्याला खिडकीपासून लांब न्यायचं. काचा फुटलेल्या असतील तर तिथे प्लायवूड ठोकलेलं. तास्माची गोष्ट मी प्रशिक्षणात कितीदा ऐकली असेल. आता ती ऐकताना पूर्वीसारखं बरं वाटत नाही.

सॉन्डर्स वेदनेचे चार पदर सांगत: शरीराचा, मनाचा, नात्यांचा-पैशाचा आणि आतल्या श्रद्धेचा. युद्धातल्या हिवाळ्यात यातला तिसरा सगळ्यात ओझ्याचा होत असावा. "तुम्ही निघा, मला राहू दे." अंथरुणावरची माणसं हे म्हणत राहतात. आपल्यामुळे मुलगी बॉम्बखाली थांबलीय, हे कळत असताना मॉर्फिनने काय होणार? मुलगी म्हणते, "आई, असं बोलू नकोस." आणि तिच्या मनात कुठेतरी हिशेब चालू असतो: आईचे किती दिवस, मग आपण कधी निघायचं. असा हिशेब मनात येणं पाप नाही, हे तिला कुणीतरी मोठ्याने सांगायला लागतं. आई तिकडे पॅसेजमध्ये झोपलेली असताना स्वयंपाकघरात उभं राहून हे सांगणं, हेही नर्सच्या कामात बसतं, आणि माझ्या मते पॅच बदलण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

मग आई जाते. संचारबंदीत गेली तर पहाटेपर्यंत शेजारी बसून राहायचं. दफन होतं आणि काही घरं त्याच आठवड्यात ट्रेन पकडतात. शोकातल्या कुटुंबाशी पुढे काही महिने संपर्क ठेवायचा, ही हॉस्पिसची रीत. फोन लागलाच तर तो परदेशात लागतो. अशा फोनवर हमखास निघणारा एक प्रश्न मी आमच्याकडेही अनेकदा ऐकलाय: "त्या रात्री मी दुसरी गोळी दिली, तिनेच गेली का ती?" रात्री अंधारात, एकटीने, स्वतःच्या हाताने मॉर्फिन दिलेलं असतं, आणि त्यानंतर दोन तासांनी श्वास थांबलेला असतो. डोस ठरवून दिल्याप्रमाणे होता, आजारानेच त्या गेल्या, हे नुसतं तोंडी सांगून पटत नाही. म्हणून काही सिस्टर पहिल्याच भेटीत घरात एक वही ठेवायला लावतात. वेळ, औषध, किती, नंतर कसं वाटलं. बाबांच्या वेळी आमच्याकडेही होती, आईच्या तिरक्या अक्षरातली. मुलगी निघताना ती वही बॅगेत घालते. फोनवर सिस्टर म्हणतात, "वही आहे ना जवळ? त्या रात्रीचं पान काढ. आता मला वाचून दाखव, आधीची गोळी किती वाजता दिली होतीस?"